एक्का-गुलाम आला, पण खेळायचा कुठून?

‘मी डोंबिवलीला राहतो, वय ३४, नोकरी पवईला. दर शनिवारी रात्री मुलुंडला एका मित्राच्या घरी आम्ही आठ जण पोकर खेळतो. ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम) दहा-वीस, बाय-इन (बसताना घेऊन बसायची रक्कम) दोन हजार. गेलं वर्षभर मी इंटरनेटवरचे तक्ते पाठ केले, कुठली दोन पानं कुठल्या जागेवरून खेळायची ते. तरी महिन्याचा हिशोब उणेच निघतो. ज्यांनी आयुष्यात तक्ता पाहिला नाही ते जिंकतात. परवाचा हात सांगतो. मला एक्का-गुलाम, ऑफसूट (दोन वेगळ्या चिन्हांचे). बोलायची पाळी दुसरी. साठ केले, पाच जणांनी कॉल केलं. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं) आला इस्पिक एक्का, इस्पिक नव्वी, चौकट चौकी. मी दोनशे लावले, दोघं आत. टर्नला (चौथं पान) दुर्री, मी पाचशे, एक जण आत. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) सत्ती, मी उरलेले १,२४० ढकलले. त्याने एक्का-राणी दाखवली. माझं काय चुकलं? मित्र म्हणतात, तू फार कमी हात खेळतोस, तुला कोण पैसे देणार, जरा मोकळा खेळ. दिवाळीनंतर सगळे गोव्याला जाणार आहेत. तिथे टेबलावर बसावं का?’
– स. दा., डोंबिवली

नमस्कार स. दा.,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात: ‘साठ केले, पाच जणांनी कॉल केलं.’ म्हणजे तेवढेच पैसे टाकून पाच जण आत आले. त्या हाताचं बरंचसं तिथेच ठरलं होतं. मी पहिल्या दोन पानांबद्दलच लिहिणार आहे, कारण तुमचे पैसे तिथूनच गळताहेत.

तुम्ही पाठ केलेले तक्ते ज्या टेबलासाठी काढलेले असतात, तिथे पहिला माणूस दोन-अडीच ब्लाइंडचा रेझ करतो, म्हणजे रक्कम वाढवतो, आणि बहुतेक सगळे पानं टाकतात. एखादा उरतो, फार तर दोघं. तिथे नुसते ब्लाइंड उचलणं हीदेखील कमाई असते. म्हणून त्या तक्त्यांत राजा-दश्शी ऑफसूटसारखी पानं असतात, एक्का-पंजी सूटेड (एकाच चिन्हाची) घेऊन परत रेझ करायचा सल्ला असतो. समोरचा पानं टाकेल, हा त्यामागचा हिशोब. मुलुंडच्या टेबलावर पानं टाकतंय कोण? शनिवारची रात्र आहे, आठवडाभर ऑफिसात मान मोडून माणसं खेळायला आली आहेत. साठ रुपयांना कोणीही फ्लॉप बघणार. म्हणजे ज्या कारणासाठी ती पानं तक्त्यात आली, ते कारणच तुमच्या टेबलावर शिल्लक नाही. तशी सगळी पानं आधी बाजूला काढा.

आपल्याकडे बहुतेक जण पोकरकडे तीन पत्तीतून येतात, आणि ती सवय हातात मुरलेली असते. तीन पत्तीत तीन पानं हातात आली की हात तयार झाला, पुढे काही बदलत नाही. एक्का-राजा असला तरी चाल खेळावीशी वाटते, कारण समोरच्याकडेही बहुतेक वेळा काहीच नसतं. होल्डेममध्ये, म्हणजे तुम्ही खेळता त्या पोकरमध्ये, तुमची दोन पानं म्हणजे सातातली दोन. उरलेली पाच सगळ्यांची. सहा जण आत असले की कोणाला ना कोणाला काहीतरी लागतंच. त्यामुळे ‘माझी पानं दिसायला कशी आहेत’ यावर इथे फारसं ठरत नाही. मी वर्षानुवर्षं पत्र लिहिणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: ही पानं मला लागली, तर मोठे पैसे कोण देणार, आणि कशाच्या जोरावर?

तुमचा एक्का-गुलाम या प्रश्नावर तपासून बघू. फ्लॉपला एक्का आला, म्हणजे तुम्हाला हवं तेच झालं. आता तुमच्या तीन बेटा, म्हणजे दोनशे, पाचशे आणि १,२४०, कोण झेलेल? एक एक्का तुमच्या हातात, एक बोर्डावर, उरले दोन. दोन एक्के आणि चार राण्या, म्हणजे एक्का-राणी ८ प्रकारे होऊ शकते. एक्का-नव्वी ६ प्रकारे. नव्वीची जोडी ३, चौकीची जोडी ३. हे झाले २० हात, सगळे तुमच्या पुढे. मागे असून शेवटपर्यंत येईल असा हात कोणता? एक्का-दश्शी, ८ प्रकारे. त्याखालचे एक्के एखादी बेट देतात, मग घाबरतात. दोन इस्पिक घेऊन फ्लशची (एकाच चिन्हाच्या पाच पानांची) वाट बघणारा दोन बेटा देईल आणि रिव्हरला इस्पिक नाही आलं की पानं टाकून मोकळा. त्यात तुमच्या टेबलावर कुठलाही एक्का खेळणारी माणसं आहेत, म्हणजे टर्नची दुर्री आणि रिव्हरची सत्ती यांनीही कोणाच्या तरी दोन जोड्या झाल्या असत्या. तुम्ही १,२४० ढकललेत तेव्हा ते घ्यायला येणाऱ्यांत हरवणारे हात जास्त आणि हरणारे कमी होते. जिंकलात तर छोटा पॉट (मध्ये जमलेले पैसे), हरलात तर अख्खा स्टॅक (पुढ्यातले सगळे पैसे), असा तो सौदा होता. याला नशीब म्हणू नका. एक्का-राणीपुढे एक्का-गुलाम चारात जेमतेम एकदा जिंकतो, आणि एक्का लागला तर आणखीच अडकतो.

रिव्हरची ती बेट चूक होतीच, तिथे चेक करायला, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे द्यायला हवी होती. पण त्याहून आधी, आठ जणांत दुसऱ्या पाळीला एक्का-गुलाम ऑफसूट टाकून द्यायला हवा होता. सहा जण तुमच्यानंतर बोलणार, त्यातले काही पुढचे तिन्ही फेरे तुमच्यानंतरच बोलणार, आणि तुम्ही प्रत्येक वेळी आंधळेपणाने आधी पैसे लावणार. तोच एक्का-गुलाम बटनवर, म्हणजे फ्लॉपनंतर शेवटी बोलायच्या जागेवर आला, तुमच्या आधी दोघांनी नुसते वीस टाकलेत, तर मी १२०-१४० चा रेझ करायला सांगेन. पानं तीच, पण आता सगळे आधी बोलतात, तुम्ही शेवटी. त्यांनी चेक केलं की कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवू शकता.

मग कुठल्या जागेवरून खेळायचं काय? मी कागदावर मांडून देतो. पहिल्या दोन-तीन पाळ्यांना सत्तीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, सूटेड असतील तर एक्का-गुलाम, एक्का-दश्शी आणि राजा-राणी. बस. दोन पानांच्या एकूण १,३२६ जोडण्या होतात. त्यातल्या या ९२. म्हणजे सुमारे ७ टक्के, चौदा हातांत एक. मधल्या जागांवर लहान जोड्या, एक्का-गुलाम आणि राजा-राणी ऑफसूट, आणि राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी सूटेड असतील तर. बटनवर याखेरीज कुठलाही सूटेड एक्का, दश्शी-नव्वीपासून सत्ती-छक्कीपर्यंतची सूटेड सलग पानं, राजा-दश्शी आणि राणी-दश्शी सूटेड, वर एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राणी-गुलाम. तरीही हे पाचात एकाच्या आतच राहतं. तुमचे मित्र बहुधा निम्मे हात खेळत असतील. त्यांना खेळू द्या.

हे पाठ करण्यापेक्षा कुठली पानं का खेळायची ते समजून घ्या, कारण टेबल बदललं की कागद बदलतो.

मोठ्या जोड्या सोप्या वाटतात, पण घरगुती टेबलावर सगळ्यात जास्त राग त्यांच्यावरच निघतो. ‘एक्क्यांची जोडी फुटली’ असं दर शनिवारी कोणीतरी म्हणतंच. आकडे असे आहेत: कोणत्याही दोन पानांच्या एका माणसाविरुद्ध एक्क्यांची जोडी ८५ टक्के वेळा जिंकते. तीन जणांविरुद्ध सुमारे ६४ टक्के. पाच जणांविरुद्ध ४९ टक्के. म्हणजे पाच कॉलवाले आले की निम्म्या वेळा तुम्ही हरणार, आणि हे अगदी रास्त आहे. तोटा मात्र होत नाही: सहातला एक वाटा घालून निम्मे पॉट जिंकताय, याहून चांगला व्यवहार नाही. तोटा तेव्हा होतो, जेव्हा पाच जण आत असताना फ्लॉपला अठ्ठी-सत्ती-छक्की येते, दोन जण एकमेकांवर रेझ करतात आणि तुम्ही ‘माझ्याकडे एक्के आहेत’ म्हणून बसून राहता.

त्यावर उपाय रेझच्या आकारात आहे, आणि तो तुम्ही आजपासून करू शकता. वीसच्या ब्लाइंडला साठचा रेझ तुमच्या टेबलावर रेझच नाही. ८० ते १०० करा, आणि आधी जितके जण लिंप करून, म्हणजे रेझ न करता नुसते वीस टाकून, आत आलेत त्या प्रत्येकामागे आणखी वीस. चार लिंपवाले असतील आणि हातात राजांची जोडी असेल तर १८० म्हणायला लाजू नका. लोक कुरकुरतील. कुरकुरत दोघं येतील, आणि तेच आपल्याला हवं आहे. एवढंच लक्षात ठेवा की आकार पानांबरोबर बदलू नये. राजांना १८० आणि एक्का-राणीला ६० असं केलंत तर तीन शनिवारांत सगळं टेबल तुमची पानं उघड वाचेल.

लहान जोड्यांचा विचार अगदी वेगळा. पंजीची जोडी घेऊन बसलात आणि तुमच्या आधी कोणी ८० केले. फ्लॉपला तिसरी पंजी येण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास, साडेआठात एकदा. म्हणजे एकदा लागेपर्यंत सरासरी साडेसात वेळा ऐंशी-ऐंशी सोडायचे: ६०० रुपये. जेव्हा लागेल तेव्हा सरासरी सहाशेहून बरेच जास्त मिळायला हवेत, आणि दर वेळी समोरच्याकडे देण्यासारखं काही असेलच असं नाही. रेझ करणाऱ्याच्या पुढ्यात दोन हजार असतील, मागून आणखी दोघं येतील अशी चिन्हं असतील, तर कॉल आनंदाने करा. त्याच्यापुढे पाचशेच उरले असतील तर सगळे मिळाले तरी भागत नाही, टाका. मी पत्र लिहिणाऱ्यांना सांगतो की कॉलच्या रकमेच्या पंधरा पट तरी समोर दिसायला हवेत. ही पानं मला आवडतात, कारण वरच्या प्रश्नाचं त्यांच्याकडे उत्तर आहे: बोर्डावर राजा-नव्वी-पंजी असताना एक्का-राजावाला मनापासून पैसे देतो आणि त्याला शेवटपर्यंत कळत नाही. सगळे नुसते लिंप करत असतील अशा टेबलावर लहान जोडी पहिल्या पाळ्यांनाही वीस टाकून आत नेली तर माझी हरकत नाही. लिंप मला मान्य आहे तो एवढ्याच ठिकाणी.

बाकी लिंप सोडा. वीसच रुपये, असं वाटतं. पण तासाला पंचवीस हात झाले आणि त्यातले सात-आठ नुसतं ‘बघू या’ म्हणून वीस-वीस टाकलेत, तर पाच तासांत एक अख्खा नवा बाय-इन जवळ येतो ना? नीट गुणाकार करा: तासाला दीडशे, पाच तासांत साडेसातशे, आणि ‘आता आलोच आहे तर’ म्हणून पुढे दिलेले कॉल त्यात धरलेले नाहीत. एका बाय-इनचा तिसऱ्याहून मोठा भाग असा चहापाण्यासारखा जातो.

आता सूटेडचा मोह. ‘सूटेड होतं रे’ हे वाक्य मी पत्रांत इतक्या वेळा वाचलं आहे की त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. दोन्ही पानं बदामाची असली तर फ्लॉपलाच फ्लश होण्याची शक्यता ११९ मध्ये एक. फ्लश ड्रॉ (फ्लशला एक पान कमी) मिळण्याची नवात एक, आणि तोही रिव्हरपर्यंत तीनात साधारण एकदाच पुरा होतो. तीच पानं ऑफसूटऐवजी सूटेड असली म्हणून जिंकण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांनी वाढते, फार तर चार. राणी-छक्की हा वाईट हात आहे. बदामाची राणी-छक्की हा थोडा कमी वाईट हात आहे. त्यात पाच जण आत असताना राणीचा फ्लश झाला आणि समोर कोणी पैशांचा ढीग लावला, तर त्याच्याकडे बदामाचा एक्का किंवा राजा असण्याची भीती खरीच असते. म्हणून एक्का सूटेड मोलाचा. त्याचा फ्लश झाला तर त्याहून मोठा फ्लश सहसा कोणाचा नसतो, आणि राणीचा फ्लश घेऊन बसलेला तुम्हाला पैसे देतो. तोच प्रश्न, तेच उत्तर.

याच कारणासाठी राजा-दश्शी, राणी-दश्शी, एक्का-अठ्ठी अशी ऑफसूट पानं माझ्या यादीत नाहीत. दिसतात छान, चित्रांची असतात. लागली की मात्र एक जोडी आणि कमकुवत किकर (जोडीबरोबरचं दुसरं पान), आणि मोठे पैसे आले की समोर त्याहून मोठा किकर.

ब्लाइंडबद्दल थोडं. बिग ब्लाइंडमध्ये, म्हणजे वीस टाकायच्या जागेवर, फुकट बघायला मिळत असेल तर बघा. स्मॉल ब्लाइंडमध्ये ‘फक्त दहाच तर टाकायचेत’ या विचाराने लोक काहीही खेळतात, आणि टेबलावरची सगळ्यात वाईट जागा तीच आहे: फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत सगळ्यांच्या आधी बोलायचं. दहा रुपयेच आहेत हे खरं. पण फ्लॉपला सत्तीची जोडी लागली की पुढचे दोनशे त्या दहांमुळे जातात. मधल्या जागेवरून जे खेळलं नसतं ते तिथूनही खेळू नका.

समोरासमोर बसून खेळण्यात एक फायदा आहे, जो कुठल्याच तक्त्यात येत नाही. तुमची पाळी येईपर्यंत स्वतःची पानं उचलू नका. त्या वेळात डावीकडे बघा, म्हणजे जे तुमच्यानंतर बोलणार आहेत त्यांच्याकडे. घरगुती टेबलावर निम्मे लोक पानं टाकायच्या तयारीत बोटांत धरून बसलेले असतात. कोणी चिप्सना हात घातलेला असतो, कोणी मोबाइल खाली ठेवून अचानक सरळ बसतो. डावीकडचे तिघं पानं टाकणार हे दिसलं की तुम्ही बसलात त्याहून तीन जागा मागे बसल्यासारखं आहे, आणि तिथली पानं तुम्हाला खेळता येतात. चिप्सना हात गेलेला दिसला तर उलट. मला या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते: पानं हातात येण्याआधी माणसं वाचायला मिळतात.

तसंच रेझ कोणाचा आहे ते बघा. दर दोन हातांनी रेझ करणाऱ्यापुढे दश्शीची जोडी किंवा एक्का-राणी घेऊन परत रेझ करावा. पण जो माणूस रात्रभर वडापाव खात गप्प कॉल करत बसला, त्याने अचानक पहिल्या पाळीला १२० म्हटलं, तर तुमचा एक्का-गुलाम, राजा-राणी दोन्ही टाका. आणि त्याच माणसाने तुमच्या रेझवर परत मोठा रेझ केला, तर त्याच्याकडे राण्या, राजे, एक्के किंवा एक्का-राजा आहे असं धरून चाला. छोट्या ब्लाइंडच्या टेबलावर तिथे थाप मारणारी माणसं फार कमी भेटतात.

पुढ्यातल्या पैशांप्रमाणे पानांची किंमत बदलते, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून सांगतो. रात्री शेवटची लोकल गेली की आता सकाळपर्यंत थांबायचंच म्हणून खेळ सैल होतो, कोणी स्ट्रॅडल म्हणून, म्हणजे पानं न बघताच, चाळीस टाकायला लागतो. चाळीसचा स्ट्रॅडल म्हणजे तुमचे दोन हजार रुपये हे शंभर ब्लाइंडऐवजी पन्नासच झाले. तेव्हा सत्ती-छक्कीसारखी पानं मिळवून देणारे पैसे मागे उरतच नाहीत. मोठ्या जोड्या आणि एक्का-राजा यांच्यावरच खेळ. उलट दोघं-तिघं परत परत बाय-इन करून सहा-सात हजार घेऊन बसलेत, आणि तुमच्याकडेही तेवढेच आहेत, तर लहान जोडी आणि सूटेड एक्का यांचं मोल वाढतं. एक्का-गुलाम ऑफसूट घेऊन तेव्हा मोठ्या पॉटमध्ये शिरू नये.

मित्रांचं म्हणणं राहिलं: इतके कमी हात खेळतोस, तुला कोण पैसे देणार? तुमच्याच पत्रात उत्तर आहे. तुम्ही कमी हात खेळता हे त्यांना माहीत आहे, तरी तुमच्या रेझवर पाच जण आले. जे टेबल कोण कसं खेळतं याचा विचार करून पानं टाकतं, तिथे मोकळं खेळायचा सल्ला बरोबर ठरेल. तुमचं टेबल तसं नाही. खरी अडचण कंटाळ्याची आहे, आणि ती मला खरोखर समजते. आठवडाभर वाट बघून माणूस आला, मित्र हसताहेत, आणि हा चौदातले तेरा हात टाकून बसला आहे. रात्री एकच्या सुमाराला राजा-नव्वी राजबिंडी दिसायला लागते. त्या वेळी उठा, गॅलरीत जा, पाणी प्या, एक हात सोडा. गप्पांसाठी जात असाल तर गप्पा मारा. त्यासाठी दोन पानं हातात धरायची गरज नाही. आणि तुम्हाला मनापासून जास्त हात खेळून मजा करायची असेल तर तसं ठरवा, त्याला करमणुकीचा खर्च म्हणा, आणि मग महिन्याच्या हिशोबाचं दुःख करू नका. दोन्हींपैकी काहीही चालेल. पैसे मात्र घरखर्चाच्या खात्यातून जाऊ नयेत. शनिवारचा पहिला बाय-इन संपला की दुसरा करायचा की नाही हे घरातून निघतानाच ठरवा, टेबलावर नाही.

गोव्याबद्दल. पणजीला मांडवी नदीतल्या जहाजांवरचे कॅसिनो तिथल्या १९७६ च्या जुगार कायद्यातल्या दुरुस्तीनुसार परवान्यावर चालतात, त्यामुळे तिथे बसण्यात कायद्याची धास्ती नाही. पण बसायच्या आधी दोन गोष्टी विचारा. सगळ्यात लहान ब्लाइंड कितीचा, आणि रेक किती. प्रत्येक पॉटमधून घर काही टक्के काढतं, काही मर्यादेपर्यंत. घरच्या टेबलावर जे हात जेमतेम दोन पैसे मिळवून देतात, ते रेक कापला की तोट्यात जातात. म्हणून तिथे बटनवरची यादीही आखडा: राणी-गुलाम ऑफसूट, सत्ती-छक्की सूटेड सोडा. ब्लाइंड तुमच्या दहा-वीसच्या पाचपट असेल आणि शंभर ब्लाइंडचा बाय-इन गेला तर महिनाभर मन खात राहील, अशी स्थिती असेल, तर मागे उभं राहून बघा. घाबरून खेळणारा माणूस एक्का-राजाही नीट खेळू शकत नाही.

रेकवरून आठवलं. मुलुंडच्या घरी तुमचा मित्र पॉटमधून काही काढून घेतो का? चहा-जेवणाचे पैसे सगळ्यांनी वाटून घेणं वेगळं. पण खेळातून घरमालकाने कमाई काढली, ज्याला आपल्याकडे नाल म्हणतात, तर ते घर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली अड्डा ठरू शकतं, आणि तिथे सापडलेला प्रत्येक जण अडचणीत येतो. पोकर हा कौशल्याचा खेळ म्हणून सुटेल या भरवशावर राहू नका. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला आहे. महाराष्ट्रात कॅसिनोसाठी १९७६ मध्ये एक कायदा झाला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे आज मुंबईत कोणी ‘आमच्या क्लबला परवानगी आहे, या बसायला’ म्हणालं तर तिथे पाऊल टाकू नका.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. पूर्वी माणूस फोनवर दोन रुपयांच्या ब्लाइंडने हजारो हात खेळून स्वतःच्या चुका शोधायचा, ती सोय गेली. तुमच्याकडे आता शनिवारचे शंभर-सव्वाशे हातच आहेत, तेव्हा ते वाया घालवू नका. पुढचे चार शनिवार एवढं करा: स्वतःहून पैसे टाकून ज्या हातात शिराल, तेवढेच हात मोबाइलवर टिपून ठेवा. जागा कुठली, पानं कुठली, आत किती जण होते, शेवटी किती आले किंवा गेले. पानं टाकलेल्या हातांचं काही लिहू नका. महिन्याअखेर जागेप्रमाणे बेरीज करा आणि मला पाठवा. माझा अंदाज आहे की सगळ्यात जास्त रक्कम पहिल्या तीन पाळ्यांतल्या ऑफसूट एक्क्यांवर आणि स्मॉल ब्लाइंडमधल्या दहा-दहा रुपयांवर गेलेली दिसेल. तसं निघालं नाही, तर आकडे बघून पुढचं बोलू.